मामाचा डबा : सव्वीस रोमन नाण्यांच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

मामीकडून डबा आणला. शॉर्टब्रेडचा जुना पत्र्याचा डबा. आत तपकिरी पाकिटं, पूर्वी पगार ज्यात मिळायचा तसली लहान. पाकिटं सत्तावीस, नाणी सव्वीस. सगळी रोमन, सगळी चांदीची. निदान दिसायला तरी.

मामाला जाऊन दीड वर्ष झालं. यॉर्कच्या घरातलं एकेक कपाट मामी रिकामं करते आहे. तिचं म्हणणं सरळ आहे : "काय आहे, कुणाचं आहे, एका वहीत लिहून दे. आणि मराठीत लिही गं. इंग्रजी याद्या वाचायचा आता मला कंटाळा येतो."

पाकिटावर मामाच्या बारीक अक्षरात दोनच गोष्टी, नाव आणि वजन. नावं अशी : इंद्र. अश्विनीकुमार. सरस्वती. नागपंचमी. सोनार. तांदळा. ब्रह्मपुरी. एकावर 'बकरी की बाई?' असं प्रश्नचिन्हासकट. वजनं मासे आणि गुंजांत, कारण मामाचे वडील कोल्हापुरात गुजरीत सोनारकाम करायचे आणि मामाला ग्रॅम कधी मनापासून पटला नाही.

एकही रोमन नाव नाही. म्हणजे काम दोन पदरी : नाणी ओळखायची आणि मामाची नावं दुरुस्त करायची.

वहीत रकाने आखले. क्रमांक, वजन, व्यास, छापा, काटा, देव, कुणी पाडलं, साल, मामाचं पाकीट, ठिकाण. शेवटचा रकाना फुकट आहे, सगळं एकाच डब्यात राहणार. पण याद्यांमध्ये असतो म्हणून आखला.

रविवार, १२ जानेवारी

दिवसभर फक्त वजनं. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि व्हर्नियर.

आज एक मजा झाली. तोळा ११.६६ ग्रॅम, त्याचे बारा मासे, म्हणजे मासा ०.९७ ग्रॅमचा. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा. प्रजासत्ताकाच्या बहुतेक काळात एका पौंडातून ८४ डिनेरियस, म्हणजे ही चांदीची नाणी, पाडायचे, म्हणजे एक ३.८९ ग्रॅमचा. चार मासे! तीन डिनेरियस म्हणजे एक तोळा, म्हणजेच राणीछाप रुपया. मामाच्या जुन्या नाण्यांच्या पाकिटांवर '४ मासे', '४ मासे, २ गुंजा कमी' असं ओळीनं लिहिलेलं आहे. वजनकाट्यावर ३.८७ आणि ३.६४ आलं. झीज धरून बरोबर.

मग काही पाकिटांवर अचानक '३॥ मासे' सुरू होतं. ही पाकिटं वेगळी काढली. सगळी इ.स. ६४ नंतरची. त्या साली नीरोनं पौंडातून ८४ ऐवजी ९६ नाणी पाडायला लावली. एक ३.४१ ग्रॅमचं. साडेतीन मासे! नीरोनं नाणं हलकं केलं आणि वर चांदीत तांबंही वाढवलं. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य मी दहा वेळा वाचलं असेल. मामाच्या पाकिटांवरून ते हाताला लागलं.

अगदी शेवटच्या नाण्यांपैकी एकावर : '३ मासे १ गुंज. हीण फार.' काटा म्हणतो ३.०५. सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाच्या काळातलं. तेव्हा डिनेरियसमध्ये चांदी जेमतेम निम्मी उरली होती. मामानं कस लावून पाहिला असेल का? नाण्यावर ओरखडा नाही. रंगावरून ओळखलं असणार, सोनाराचा मुलगा.

शनिवार, १८ जानेवारी

नाव 'डिनेरियस' असंच लिहायचं ठरवलं. शब्दाचा अर्थ 'दहाचं'. इ.स.पू. २११ च्या सुमारास, कार्थेजच्या हॅनिबलशी युद्ध चालू असताना हे नाणं निघालं तेव्हा त्याची किंमत तांब्याचे दहा 'अस' होती आणि छाप्यावर रोमन दहाचा आकडा असायचा. पुढे किंमत सोळा अस झाली तरी नाव दहाचंच राहिलं. आपल्याकडे संस्कृतात आलेला 'दीनार' तो हाच, फक्त इकडे तो सोन्याच्या नाण्याला चिकटला.

क्र. १. मामाचं 'अश्विनीकुमार'. छाप्यावर शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे शहरच देवी. काट्यावर दोन घोडेस्वार दौडत चाललेत, भाले पुढे, डोक्यावर एकेक तारा, खाली ROMA ही चार अक्षरं. कॅस्टर आणि पोलक्स. रोमन लोक सांगायचे की रेगिलस तळ्याच्या लढाईत हे दोघे जुळे आपल्या बाजूनं लढले आणि त्याच संध्याकाळी रोमच्या चौकात झऱ्यावर घोड्यांना पाणी पाजताना दिसले. सगळ्यात पहिल्या डिनेरियसवर हीच जोडी. युद्धाचे दिवस होते, लढाईत धावून येणारे देव हवे होते.

जुळे, घोडे, संकटात धावून येणं. 'अश्विनीकुमार' हे नाव खोडायला हात उचलेना. वेदांचे अभ्यासकही या दोन जोड्या शेजारी ठेवतात. पण हा अपवाद.

क्र. ४. 'इंद्र'. लुसियस स्किपिओ एशियाजेनसनं पाडलेलं, इ.स.पू. १०६. छाप्यावर ज्युपिटरचं डोकं, काट्यावर चार घोड्यांच्या रथात पुन्हा ज्युपिटरच. कडेला करवतीसारखे दाते पाडलेले. असली दातेरी नाणी जर्मन टोळ्यांना आवडायची असं रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय. मामानं वज्र पाहून इंद्र म्हटलं असणार. हे मात्र दुरुस्त केलं, आणि जरा तोऱ्यातच : ज्युपिटर हा शब्द म्हणजे ऋग्वेदातला 'द्यौष्पितर'. तोच आकाश, तोच बाप. इंद्राशी नातं फक्त शस्त्राचं. वहीत दोन ओळी जास्त गेल्या. मामा असता तर म्हणाला असता, "शहाणी झालीस."

रविवार, १९ जानेवारी

आजचा दिवस जूनोचा. एकच देवी, तीन नाण्यांवर तीन तऱ्हा.

क्र. १०, 'सोनार'. टायटस कॅरिसियस, इ.स.पू. ४६. छाप्यावर केस बांधलेली बाई आणि शब्द MONETA. काट्यावर देव नाहीच. ऐरण, वर ठशाचा तुकडा, एका बाजूला सांडशी, दुसऱ्या बाजूला हातोडा. टांकसाळीची हत्यारं! रोमची टांकसाळ कॅपिटोलाइन टेकडीवर जूनो मोनेटाच्या देवळालगत होती. देवळाचं नाव टांकसाळीला पडलं आणि तिथून इंग्रजीतल्या 'मनी' आणि 'मिंट' या दोन्ही शब्दांपर्यंत गेलं. नाणं पाडणाऱ्यानं नाण्यावर नाणं पाडायचं सामान काढलं. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा हातात धरायचा आणि घण. म्हणून एकही नाणं बरोबर मध्यावर नसतं. क्र. १० मध्येही सांडशीचं टोक बाहेर गेलंय.

पाकिटाच्या मागे मामानं बारीक लिहिलंय : 'दादांची सांडशी अशीच.'

क्र. ५, 'बकरी की बाई?'. लुसियस थोरियस बाल्बस, इ.स.पू. १०५. बकरी नाही आणि नुसती बाईही नाही. शिंगांसकट बकऱ्याचं कातडं डोक्यावरून ओढलेली जूनो सोस्पिता, रक्षण करणारी. बाजूला चार अक्षरं, I S M R : जूनो, सोस्पिता, माता, राणी. ही लानुव्हियमची देवी, रोमच्या आग्नेयेला दिवसभराच्या चालीवरचं गाव. इ.स.पू. ३३८ मध्ये रोमनं लानुव्हियमच्या लोकांना नागरिकत्व दिलं ते या अटीवर की जूनो सोस्पिताचं देऊळ दोघांचं मिळून राहील. थोरियस मूळ त्याच गावचा. काट्यावर उधळलेला बैल आहे, कारण लॅटिनमध्ये बैल म्हणजे टॉरस आणि याचं नाव थोरियस. छाप्यावर गावदेवी, काट्यावर आडनावाचा विनोद. दर वर्षी टांकसाळीवर तीन तरुण अधिकारी नेमायचे. पुढे निवडणुका लढवायच्या असल्यामुळे घराण्याची जाहिरात करायची हीच जागा.

आता 'नागपंचमी'. क्र. ८, लुसियस रोशियस फबाटस, इ.स.पू. ५९. छाप्यावर तीच कातडंवाली जूनो. काट्यावर एक मुलगी ओच्यात काहीतरी घेऊन उभी, समोर फणा काढल्यासारखा वर उठलेला साप. लानुव्हियमच्या देवळापाशी एक खोल गुहा होती, तिथे साप राहायचा. वर्षातून एकदा कुमारिकेनं डोळे बांधून आत जायचं आणि सापाला नैवेद्य भरवायचा. सापानं खाल्लं तर पोर शुद्ध आणि त्या वर्षी पीक चांगलं. मुलगी परत आली की शेतकरी ओरडायचे, साल पिकणार.

नागपंचमी नव्हेच. पण वारूळ, बाई, साप, नैवेद्य आणि पीक या पाच गोष्टी मामानं बोटाच्या नखाएवढ्या चित्रातून उचलल्या, आणि मी पुस्तक उघडेपर्यंत मला तो साप म्हणजे वेलीची नक्षी वाटत होता.

रविवार, २६ जानेवारी

फोटो. फुकट गेलेला दिवस. चांदी सरळ उजेडात आरशासारखी चमकते आणि चेहरा नाहीसा होतो. शेवटी दिवा डावीकडून वरच्या कोपऱ्यात, जवळजवळ जमिनीला टेकलेला, मध्ये ट्रेसिंग पेपर, फोन पुस्तकांच्या चवडीवर. सव्वीसपैकी अकरा जमले.

तीन नाणी विचित्र पांढरी दिसतात. मामीला फोन केला. "अगं, एका दिवाळीला टूथपेस्टनं घासली होती. मामा दोन दिवस बोलला नाही." वहीत 'पूर्वी साफ केलेलं' असं नोंदवलं. कारण लिहिलं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

क्र. १४, १५, १६ : 'सरस्वती १', 'सरस्वती २', 'सरस्वती ४'. 'सरस्वती ३' हे ते रिकामं सत्ताविसावं पाकीट.

सगळी डोमिशियनची, इ.स. ८१ ते ९६. देवी मिनर्व्हा. हा बादशहा तिचा असा भक्त की वर्षानुवर्षं डिनेरियसच्या काट्यावर तिच्याशिवाय फारसं काही येऊच दिलं नाही. चार मुद्रा ठरलेल्या : भाला उगारून चालून जाणारी; गलबताच्या नाळेवर उभी, पायाशी घुबड; हातात वज्र घेतलेली, पायाशी ढाल; आणि नुसता भाला टेकून उभी. मामाकडे पहिली, तिसरी आणि चौथी आहेत. घुबडवाली नाही. त्याच्या हिशेबात तीच 'सरस्वती ३' असणार. ती शोधायचा राहून गेला.

मिनर्व्हा विद्येची आणि कारागिरीची देवी खरी, पण डोमिशियनला हवी होती ती शिरस्त्राण घातलेली. रोमन चरित्रकार स्वेटोनियस एक गोष्ट सांगतो. मरायच्या थोडं आधी डोमिशियनला स्वप्न पडलं की मिनर्व्हा देव्हाऱ्यातून बाहेर पडली आणि म्हणाली, ज्युपिटरनं माझी शस्त्रं काढून घेतली, आता मला तुझं रक्षण करता येणार नाही. ९६ साली राजवाड्यातच त्याला भोसकलं. नाण्यांकडे यानंतर वेगळं बघितलं जातं. चार मुद्रा आणि चारहींत तिच्या हातात भाला. अंगरक्षकच म्हणा.

वीणा कुठेच नाही, मामा.

एक गोष्ट मात्र डोमिशियनच्या बाजूनं. नीरोनंतर घसरलेला कस यानंच ८२ साली वर नेला, चांदी जवळजवळ शुद्ध केली. तीन वर्षांनी परवडेना तेव्हा पुन्हा खाली आणला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कामाच्या दिवशी नोंद करत नाही, पण आज तारीख तशी आहे. ४ फेब्रुवारी २११ ला सेप्टिमियस सेव्हेरस यॉर्कमध्ये मेला. मामी राहते त्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर.

क्र. १९ त्याचंच, तेच 'हीण फार'वालं. वर नाव : 'लक्ष्मी (दिवाळीची)'. काट्यावर बसलेली देवी, एका हातात सुकाणू, दुसऱ्यात फळाफुलांनी भरलेलं शिंग. अक्षरं FORTVNA REDVX. फॉर्च्यूना म्हणजे दैव, रेडक्स म्हणजे परत घेऊन येणारी. गेलेल्याला घरी सुखरूप आणणारी. ऑगस्टस पूर्वेकडून परतला तेव्हा इ.स.पू. १९ मध्ये रोमच्या वेशीवर हिची वेदी बांधली. पुढचे बादशहा मोहिमेवर निघताना किंवा परतताना हिचं नाणं पाडायचे. सेव्हेरसचा जन्म आफ्रिकेतला, आयुष्य सीमेवर गेलेलं, त्यामुळे त्यानं तर ढिगानं पाडली. २०८ मध्ये तो ब्रिटनला आला, संधिवातानं पालखीतून फिरला आणि इथेच संपला. फॉर्च्यूनानं परत नेलं, पण राख करून, कलशातून.

भिंगाखाली REDVX च्या खाचांत तांबडं दिसलं. आधी वाटलं तांब्याचा गंज. पण रंग तसा नाही आणि टाचणीच्या टोकावर भुकटी आली. वास घेतला, काही नाही. मामीला विचारलं.

"कुंकू असेल. लक्ष्मीपूजनाला ताटात तेच ठेवायचा ना. पस्तीस-एक दिवाळ्या तरी."

साफ करायचं की नाही? नियम सांगतो बाहेरचं काहीही नाण्यावर ठेवू नये. उरलेलं तसंच ठेवलं. वहीत : 'काट्यावरील अक्षरांत कुंकवाचे कण, विसावं शतक.'

रविवार, ९ फेब्रुवारी

'उभी बाई १', 'उभी बाई २', 'बसलेली बाई', 'उभी बाई ३'. इथे मामाही कंटाळला असावा.

ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस या बादशहांच्या काळातली ही नाणी, आणि बायका म्हणजे गुण : शांती, आरोग्य, आशा, समदृष्टी. पहिल्यांदा वाटतं, हे काय देव? पण रोममध्ये कॉन्कॉर्डिया (एकोपा), साल्यूस (आरोग्य), स्पेस (आशा), फिडेस (विश्वास) यांची खरीखुरी देवळं होती, पुजारी होते. आपल्याकडे सटवाईला आणि मरीआईला देऊळ असतं तसंच. ओळखायचं हातातल्या वस्तूवरून. तराजू असेल तर समदृष्टी, हातात फूल आणि चिमटीत झग्याची निरी धरून पाऊल टाकत असेल तर आशा, सापाला वाटीतून पाजत असेल तर आरोग्य. मात्र तराजू आणि शिंग दोन्ही असतील तर ती समदृष्टीही असते आणि मोनेटाही, तेव्हा अक्षरं वाचल्याशिवाय सुटका नाही. 'उभी बाई २' ची अक्षरं झिजलीत. 'समदृष्टी अथवा मोनेटा' लिहून पुढे गेले.

टायबेरियसचं एकच आहे, क्र. १२, तेही बसलेल्या बाईचं. बहुतेक जण तिला त्याची आई लिव्हिया मानतात, शांतीच्या रूपातली. दक्षिण भारतात रोमन चांदीचे जे घडे सापडले त्यांत ऑगस्टसची आणि याची नाणी भरपूर. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या एका साठ्यातच दीड हजारांवर डिनेरियस होते. आपल्याकडचा माल, पैठणचा आणि तेरचा, बैलगाड्यांतून भडोचला जायचा आणि तिथे डिनेरियस बदलून घेण्यात फायदा असतो, असं पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या वहीत आहे. नीरोच्या आधीचं, चार माशांचं नाणं. इकडच्या सोनारांनी पारख करूनच घेतलं असणार.

शनिवार, १५ फेब्रुवारी

'ब्रह्मपुरी' नं तीन आठवडे अडवलं होतं.

क्र. १३ टायटसचं, वडील व्हेस्पेशियन गादीवर असतानाचं. काट्यावर उघडा पुरुष, एक पाय पृथ्वीच्या गोळ्यावर, हातात गलबताच्या टोकाचं शिल्प आणि दंड. अक्षरं NEP RED. नेपच्यून रेडक्स. फॉर्च्यूनाला लावलेलंच विशेषण, इथे समुद्राच्या देवाला. टायटस जेरुसलेम पाडून ७१ साली समुद्रमार्गे रोमला पोचला, त्याची ही पावती.

इतकं कळलं, पण ब्रह्मपुरी का? ब्रह्मदेव म्हणावा तर डोकं एकच. चंद्रपूरकडच्या ब्रह्मपुरीशी आमच्या घराचा संबंध नाही. इंद्र-सरस्वतीसारखं हे देवाचं नावच नाही, मग पाकिटावर गावाचं नाव कसं?

आज मामीकडे जेवायला गेले होते. पिठलं वाढता वाढता सहज विचारलं. ती हसायलाच लागली. "अगं, कोल्हापुरातली ब्रह्मपुरी! पंचगंगेकाठची टेकडी. तिथं खणताना त्यांचा समुद्राचा देव सापडला न्हवं का. टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ठेवलाय. तुझा मामा शाळेतनं पळून तिथं जाऊन बसायचा."

बरोबर. १९४० च्या दशकातल्या उत्खननात ब्रह्मपुरीला काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यात पोसायडनची लहानशी मूर्ती. पोसायडन म्हणजे रोमनांचा नेपच्यून. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या पलीकडे, सातवाहनांच्या काळच्या गावात. मीही लहानपणी पाहिली असणार, आठवत मात्र नाही. आठवते ती बाहेरची बाग आणि तोफ.

म्हणजे मामाला हा देव लहानपणापासून ओळखीचा होता. यॉर्कला येऊन कुठल्याशा दुकानात ट्रेमध्ये तो पुन्हा दिसला, आणि मामानं नेपच्यून लिहिलं नाही, वरुणही लिहिलं नाही. जिथे पहिल्यांदा भेटला तिथला पत्ता लिहिला.

'देव' च्या रकान्यात नेपच्यून. 'मामाचं पाकीट' मध्ये ब्रह्मपुरी, काही न खोडता.

रविवार, २३ फेब्रुवारी

यॉर्कच्या संग्रहालयात जाऊन आले, मामीला घेऊन. तिथे एक शिलालेख आहे, १७७० मध्ये शहरात सापडलेला. सहाव्या लीजनचा, म्हणजे रोमन फौजेच्या तुकडीचा, सेनापती क्लॉडियस हिएरोनिमियानस यानं सेरापिस देवाचं देऊळ पायापासून बांधलं, असं त्यावर कोरलंय. सेरापिस इजिप्तचा. देऊळ यॉर्कमध्ये. बांधणाऱ्याचं नाव ग्रीक. तिकडे बाथमध्ये गरम झऱ्याची स्थानिक देवी सुलिस होती, तिला यांनी सुलिस मिनर्व्हा करून टाकली.

या उचलाउचलीला टॅसिटसनं शब्द दिलाय, 'इंटरप्रेटाशिओ रोमाना', रोमन अर्थ लावणं. घरी येऊन पान काढलं आणि तशीच बसून राहिले. जर्मनीतल्या एका टोळीचे अल्की नावाचे दोन तरुण भाऊ देव, ते रोमन अर्थानं कॅस्टर आणि पोलक्स, असं तो लिहितो. नेमकी हीच जोडी! क्र. १. टॅसिटसनं ज्या जोडीवर हे केलं त्याच जोडीवर मामानं अश्विनीकुमार लिहिलं. फक्त अर्थ रोमन नाही, कोल्हापुरी.

अकरा जानेवारीला लिहिलेली 'मामाची नावं दुरुस्त करायची' ही ओळ वाचली. खोडली नाही, तीही नोंदच आहे. आता धोरण असं : 'देव' च्या रकान्यात रोमन नाव, कारण ज्यानं पाडलं त्याला तोच देव हवा होता आणि का हवा होता ते त्या नावाशिवाय कळत नाही. शेजारी मामाचं नाव, तेवढ्याच अक्षरांत. 'चुकीचं' हा शिक्का कुणालाच नाही. सरस्वतीला वीणा नाही तरीसुद्धा.

आणि 'तांदळा' तर मी उलट उसना घेतला. क्र. २२, एलागाबालसचं, इ.स. २१८ ते २२२. हा पोरगेला बादशहा मूळचा सीरियातल्या एमेसाचा, आजच्या होम्सचा, तिथल्या सूर्यदेवाचा वंशपरंपरागत पुजारी. देव म्हणजे काळा, वर निमुळता होत गेलेला दगड. तो दगड यानं रोमला आणला आणि ज्युपिटरच्याही वर बसवला. काट्यावर चार घोड्यांचा रथ, रथात माणूस नाही, दगड आहे, त्याच्यावर गरुड. इंग्रजी याद्यांत 'शंक्वाकृती दगड' म्हणतात, विटेसारखं कोरडं. चेहरा नाही, हातपाय नाहीत, तरी तो देवच, अशा पाषाणाला आपल्याकडे शब्दच आहे. 'देव' च्या रकान्यात लिहिलं : एलागाबाल, तांदळा रूपात. बादशहाला मारल्यावर रोमननी तो दगड एमेसाला परत पाठवून दिला. ठेवून घ्यायची किंवा फोडायची छाती झाली नसावी.

शनिवार, १ मार्च

क्र. ६ ची शंका होतीच. लुसियस ज्युलियस सीझर, इ.स.पू. १०३. प्रसिद्ध सीझर नव्हे, त्याच घराण्यातला. छाप्यावर युद्धदेव मार्स, काट्यावर प्रेमाची देवी व्हीनस रथात आणि रथाला घोड्यांऐवजी दोन क्यूपिड जुंपलेले. हे घराणं स्वतःला व्हीनसच्या वंशातलं म्हणवायचं. पुढे प्रसिद्ध सीझरनं हीच पणजी वापरून वापरून झिजवली.

वजन ३.१२, फार कमी. कडेला चीर आहे, आत हिरवट. पाण्यात टांगून तोललं तर घट ०.३४, म्हणजे घनता ९.२ च्या आसपास. चांदीची १०.५, तांब्याची ९ हून किंचित कमी. आत तांबं, वर चांदीचा पत्रा. मुलामा. पण हा आजकालचा भामटा नव्हे, दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मामाचं पाकीट : 'रती? ३ मासे २ गुंजा. आत तांबं.' पाण्याशिवाय.

शनिवार, १५ मार्च

मुद्दाम आजसाठी राखून ठेवलेलं क्र. २६. पाकिटावर नाव नाही, वजन नाही, फक्त 'नंतर सांगेन'.

छाप्यावर ब्रूटसचं डोकं. काट्यावर दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी, खाली EID MAR, मार्चची 'आयडीज', म्हणजे पंधरा तारीख. सीझरला मारल्याची फुशारकी, इ.स.पू. ४२. खरं असेल तर मामीनं हे घर विकून दुसरं घेतलं असतं. सीझरनं जिवंतपणी स्वतःचं तोंड नाण्यावर आणलं, हाही एक गुन्हा धरून त्याला मारला, आणि दोन वर्षांत ब्रूटसनं स्वतःचं आणलं. देवाला पूर्ण सुट्टी.

वजन २.९७. कडेला सबंध गोल शिवण, अक्षरांच्या पोटात बुडबुडे. ठोकलेलं नाही, ओतलेलं. नकली, आणि धड नकलीही नाही. पाकीट उलटं करून झटकलं तर आतून चिठ्ठी : 'फसलो. वजन न करता घेतलं. कुणाला सांगू नये.'

मामीला वाचून दाखवलं. तिनं चिठ्ठी मागून घेतली.

शनिवार, २९ मार्च

वही पूर्ण. सव्वीस नाणी, पंचवीस रोमन, त्यातलं एक मुलाम्याचं. छापून घेतली, दोन प्रती. नाणी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवली, मामाची पाकिटं मागे जोडली, 'सरस्वती ३' रिकामंच. घुबडवाल्या मिनर्व्हावर लक्ष ठेवून आहे. विकणारे जितके मागतात तितकी तिची झीज कमी नसते.

उद्या पाडवा, म्हणून आजच डबा परत द्यायला गेले. मामीनं एकेक चौकट खिडकीशी धरून पाहिली, ब्रह्मपुरीपाशी थांबली, मग क्र. १९ ची चौकट कडेनं उचकटून नाणं बाहेर काढलं आणि आत गेली. चौकटीचे तीन टाके तुटले.

वहीच्या दोन्ही प्रतींत 'ठिकाण' च्या रकान्यात बदल : क्र. १ ते १८ आणि २० ते २६, डबा. क्र. १९, देव्हारा.